नातं आहे? मग लिहून टाका!

कळमनुरीत कोण कुणाचा भाचा आणि कोण कुणाचा साडू, हे कळायला फॉर्म लागत नाही. चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभे राहा, अख्खी वंशावळ कळते! छोट्या गावाची ही गंमतच आहे. सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण कागदावर काहीच नसतं.

कायदा मात्र इथवर पोचलाय. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाचं कलम १६ सांगतं की, नगरपरिषदेच्या कामात किंवा कंत्राटात तुमचा किंवा तुमच्या भागीदाराचा थेट वा आडून हिस्सा असेल, तर काही अपवाद सोडता तुम्ही नगरसेवक होऊ शकत नाही. ग्रामपंचायतीसाठीही असाच नियम आहे.

पण सगळेच हितसंबंध कंत्राटाएवढे ठळक नसतात ना! जुने शेअर्स, आधीची कंपनी, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी... यांचं काय?

हा प्रश्न गाजला थेट मुंबईत, बीकेसीत. ऑगस्ट २०२४ मध्ये हिंडेनबर्गने सेबीच्या तेव्हाच्या अध्यक्ष माधवी पुरी बुच यांच्यावर हितसंबंधांचे आरोप केले. त्यांनी ते फेटाळले. मे २०२५ मध्ये लोकपालांनीही त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी निकाली काढल्या, आरोपांत तथ्य आढळलं नाही. पण मधले नऊ महिने चर्चा एकच. कुणी, काय, कधी जाहीर केलं होतं?

याच काळात सेबीने माजी मुख्य दक्षता आयुक्त प्रत्यूष सिन्हा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोव्हेंबर २०२५ च्या अहवालात तिची एक शिफारस झकास आहे: अध्यक्ष किंवा पूर्णवेळ सदस्यपदासाठी अर्ज करणाऱ्याने आपले हितसंबंध नेमणूक करणाऱ्यांना आधीच सांगावेत. प्रत्यक्षातले, पुढे होऊ शकणारे आणि लोकांना तसे वाटू शकणारेसुद्धा. पैशांचे आणि पैशांपलीकडचेही.

यातला 'आधीच' हा शब्द महत्त्वाचा, बॉस! अर्जासोबत सांगितलं तर ती माहिती असते. तीच गोष्ट खुर्चीत बसल्यावर दुसऱ्या कुणी सांगितली, की तिची ब्रेकिंग न्यूज होते. तुम्ही कितीही स्वच्छ असलात तरी!

आपल्याकडे प्रॉब्लेम असा की, 'हितसंबंध आहे' म्हणजे 'गडबड आहे' असंच वाटतं. म्हणून जॉइनिंगच्या दिवशी एचआरच्या त्या फॉर्मवर आपण डोळे झाकून 'नाही' वर टिक करतो. अहो, काका व्हेंडर असणं हा गुन्हा नाही. काकांचं कोटेशन आपणच पास करणं, हा घोळ आहे.

तेव्हा उद्या सरकारी समितीवर जा, आयोगावर जा किंवा गावच्या नगरपरिषदेत. तीन ओळी पुरतात: नातं कुणाशी, कसलं, आणि तो विषय आला की मी बाजूला होईन. टपरीवर जे सगळ्यांना माहीत आहे, ते कागदावर यायला काय हरकत आहे?