वऱ्हाडी हेच आपले पर्यटक, पण आपण त्यांना जेवू घालून परत पाठवतो

पर्यटक यावेत म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं आराखडे होतात, बैठका होतात, चौकात फ्लेक्स लागतात. आणि इकडं लग्नसराईत शेकडो पाव्हणे स्वतःच्या खर्चानं आपल्या दारात येऊन बसतात, त्यांना आपण काय देतो? मसालेभात, मठ्ठा, बुंदी आणि जाताना "पोचल्यावर फोन करा हं".

मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. नकाशावर बोट ठेवा, तिन्ही गावं एका दिवसाच्या फेरीत बसतात. एका गावात दहा फुटांहून उंच काळ्या पाषाणातला बालाजी, दुसऱ्यात उल्केनं पाडलेलं विवर, तिसऱ्यात जिजाऊंचं माहेर. असं त्रिकूट महाराष्ट्रात किती ठिकाणी आहे सांगा. तरी मंगल कार्यालयात पुण्या-मुंबईचा पाव्हणा विचारतो, "इथं बघण्यासारखं काय आहे?" आणि आपला माणूस हात झटकून सांगतो, "काही नाही हो, साधंच गाव आमचं."

हे "काही नाही हो" आपल्याला फार महागात पडतंय. आज त्यावरच लिहितोय.

मागच्या आठवड्यात चुलत बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, मेहकरला. नवरदेवाकडची मंडळी पुण्याकडची. शनिवारी दुपारीच सगळे हजर, रात्री हळद, आणि लग्न रविवारी गोरज मुहूर्तावर. म्हणजे रविवारचा अख्खा दिवस पाव्हणे मोकळे. कार्यालयाच्या खोल्यांत गाद्या टाकून मोबाईल बघत पडायचं, नाहीतर चहाच्या फेऱ्या मोजायच्या. नवरीचा मामा म्हणून माझ्याकडं काम आलं, पाव्हण्यांना गुंतवून ठेवायचं. चौदा माणसं, दोन गाड्या, सकाळी सात वाजता निघालो.

शनिवारी संध्याकाळीच बालाजीचं दर्शन झालं होतं. शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ मध्ये मेहकरात जमिनीखाली सापडली. एवढी रेखीव, एवढी मोठी मूर्ती तालुक्याच्या गावात आहे, हे आमच्या पाव्हण्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. कंचनीच्या महालाची दंतकथा सांगितली. लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा म्हणून मजल्यावर मजला चढवत नेला म्हणे. आणि कवी ना. घ. देशपांडे याच गावात राहून लिहीत होते, वकिली करत होते, हे सांगितल्यावर त्यांच्यातले एक निवृत्त शिक्षक उठून उभेच राहिले. "शीळ लिहिणारे ना. घ.? ते इथले?" हो, इथलेच. १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'खूणगाठी'ला मिळाला, तेही इथलेच.

रविवारी आधी लोणार. विवराच्या कडेला उभं राहिल्यावर पहिली पाच मिनिटं कुणी बोललं नाही. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, तळाशी खारं, अल्कधर्मी पाणी. बेसाल्ट खडकातल्या उल्का विवरांत जगात सगळ्यात चांगलं टिकलेलं म्हणून याचं नाव घेतात. वयाबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत नाही, कुणी पन्नास हजार वर्षं सांगतं, कुणी साडेपाच लाखांच्या पुढं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा देशभरच्या चॅनेलांनी दाखवलं, ते खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर दर्जा मिळाला. मग गोमुखाची धार पाहिली, गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहिलं. लवणासुराला मारणारा विष्णू आणि त्या लवणासुरावरून लोणार, ही गोष्ट लहान मुलांनी डोळे मोठे करून ऐकली.

तिथून सुलतानपूर, दुसरबीडवरून सिंदखेडराजा. राजवाड्याच्या दारात नवरदेवाच्या आत्यांनी चप्पल काढली, कुणी सांगायच्या आत. १२ जानेवारी १५९८, जिजाऊंचा जन्म, हे त्यांना पाठ होतं. पण लखुजीराजांची समाधी एवढी भव्य आहे हे माहीत नव्हतं. राजे आणि त्यांची मुलं १६२९ मध्ये निजामशाही दरबारात दगाफटक्यानं मारली गेली, तेही माहीत नव्हतं. २०२४ मध्ये याच परिसरात संवर्धनाचं काम चालू असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. पुतळा बारव तर पाव्हण्यांच्या फोनमध्ये सगळ्यात जास्त फोटो खाऊन गेली. आत्या मला म्हणाल्या, "भाऊ, एवढं सगळं आहे आणि तुमची माणसं काही नाही म्हणतात होय?"

काय उत्तर देणार?

आता हिशेबाचं बोलू. मोठ्या तारखेला एका कार्यालयात हजारभर पानं सहज उठतात. गावात अशी चार कार्यालयं धरा, चार हजार माणूस झाला. त्यातला शंभरात दहा माणूस जरी अर्धा दिवस फिरायला निघाला तरी चारशे. माणशी दोनशे रुपये रिक्षा, जीप, चहा, नाष्ता, तिकीट यात गेले तर एका तारखेला ऐंशी हजार. तारखा किती, गुणाकार तुम्हीच करा. यासाठी ना रिसॉर्ट बांधायचं, ना जाहिरात करायची. गिऱ्हाईक आधीच गावात जेवतंय.

आणि वेळ आपल्या बाजूनं नाही, हेही समजून घ्या. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, पुढं ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता झाला. आपल्याला मेहकर आणि सिंदखेडराजा, दोन्हीकडं उतरायची सोय मिळाली. आपण खूश झालो. पण जो रस्ता पाव्हण्याला लवकर आणतो, तोच त्याला लवकर नेतो. पूर्वी लांबचा वऱ्हाडी मुक्कामाला राहायचा, आता सकाळी निघून अक्षता टाकून रात्री घरी झोपायला जातो. त्याला थांबवायचं असेल तर थांबण्याचं कारण आपण द्यायला पाहिजे. नाहीतर आपल्या गावाचं नाव फक्त इंटरचेंजच्या पाटीवर उरेल.

कारण आहे, सोय नाही. आमच्या फेरीतल्या एका ठिकाणी स्वच्छतागृहाला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडं, कुणालाच ठाऊक नव्हतं. सोबत सहा बायका, त्यातल्या दोघी सत्तरीच्या. शेवटी एका हॉटेलवाल्याच्या घरी विनंती करावी लागली. त्या माऊलीनं दार उघडलं म्हणून निभावलं. आणखी एका ठिकाणी माहितीचा फलक असा फिका पडला होता की अक्षरं बोटानं चाचपावी लागली. माहिती दिली ती तिथं भेटलेल्या एका पोरानं. पुण्यात कंपनीत कंत्राटावर आहे, तोही गावाकडं लग्नालाच आलेला. भिंतीवरचं एकेक शिल्प त्यानं असं समजावलं की आमचे शिक्षक पाव्हणे वही काढून बसले. पैसे घेईना. सोमवारी ड्युटी म्हणून रात्रीच्या गाडीनं परत जाणार होता.

दगड कुठं जात नाहीत हो. जातंय ते हे पोरगं. ज्याला गाव तोंडपाठ आहे, त्याला गावात काम नाही.

काही मित्र म्हणतील, गर्दी आली की कचरा येतो, लोणारसारख्या नाजूक जागी लग्नाचं वऱ्हाड नेऊन घालणार का? शंका रास्त आहे. विवर हे अभयारण्य आहे, तिथं डीजेवाली वरात न्या असं कुणी म्हणत नाही. खाली उतरणाऱ्यांवर मर्यादा घाला, प्लॅस्टिक नाक्यावरच काढून घ्या, दंड करा. पण गर्दी आजही येतेच की, शिस्तीशिवाय. सांगणारं माणूस सोबत असलं की बाटली फेकणारा हात थबकतो, हे मी त्या दिवशी आमच्याच पोरांत पाहिलं.

दुसरी अडचण खरी मोठी आहे. लोणारचं सरोवर वनखात्याकडं, जुनी मंदिरं पुरातत्त्व खात्याकडं, गावातला रस्ता नि गटार नगरपालिकेकडं. सिंदखेडराजात काही वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं, काही राज्याच्या. पाव्हण्याला एकच गाव दिसतं, पण कुलपाच्या किल्ल्या चार ऑफिसांत. म्हणून मोठ्या आराखड्याची वाट बघत बसू नका म्हणतो मी. लहान कामं आधी करा.

एक, लग्नसराईच्या शनिवार-रविवारी स्वच्छतागृहं उघडी, पाण्यासकट. यासाठी निधी नाही, फक्त किल्लीवाला माणूस लागतो.

दोन, एसटीची एक गोल फेरी, मेहकर-लोणार-सिंदखेडराजा-मेहकर, सकाळी सातला सुटून दुपारी परत. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. लग्नातल्या निम्म्या आत्या-मावश्या एसटीनंच येतात. गाडी नाही म्हणून त्या कार्यालयात बसून राहतात.

तीन, प्रत्येक गावातली दहा पोरं-पोरी निवडा, इतिहास येणाऱ्या शिक्षकांकडून आठ दिवस शिकवा, ओळखपत्र द्या, दर ठरवून द्या. नंबर प्रत्येक मंगल कार्यालयाच्या भिंतीवर.

चौथं काम आपलं, यात सरकारचा संबंध नाही. लग्नपत्रिकेवर विनीत, प्रेषक, स्नेहांकित, निमंत्रक आणि 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सगळी चिल्लीपिल्ली मावतात. तिथंच खाली चार ओळी टाका. आमच्या गावात हे बघा, इतक्या अंतरावर आहे, या वेळेत उघडं असतं. छापायला एक रुपया जास्त लागत नाही.

नगरसेवक, कार्यालयांचे मालक, एसटीतली मित्रमंडळी, बरेच जण इथं वाचतात म्हणून हे इथं लिहिलं. पुढची तारीख यायच्या आत पहिलं काम तरी होऊ शकतं. आणि बाकीच्यांनी खाली आपापल्या गावातली एक जागा लिहा. बारव, गढी, समाधी, जुनं देऊळ, काहीही, कसं जायचं त्यासह. यादी जमली की पत्रिकेवर छापता येईल अशी करून मी इथंच टाकतो.

फक्त "काही नाही हो" असं लिहू नका.