जंबोचा निरोप आणि रिकाम्या खुर्च्या

२२ एप्रिल २०२४ रोजी एअर इंडियाच्या ‘आग्रा’ नावाच्या बोइंग ७४७ विमानाने मुंबईहून अखेरचे उड्डाण केले. धावपट्टी सोडताच वैमानिकाने पंख किंचित कलवून शहराचा निरोप घेतला आणि विमान अमेरिकेकडे निघून गेले. १९७१ साली ‘एम्परर अशोक’ने सुरू झालेले आपल्याकडील जंबोचे पर्व अशा रीतीने संपले. परंतु या निरोपाच्या उड्डाणात एकही प्रवासी नव्हता. प्रवाशांना घेऊन झालेले शेवटचे उड्डाण २०२१ सालीच, करोनाच्या धामधुमीत, उरकले होते.

विमान निवृत्त करण्याचा निर्णय चुकीचा होता, असे अर्थशास्त्राचा कोणताही अध्यापक म्हणणार नाही. चार इंजिनांना लागणारे इंधन आणि चारशेंहून अधिक जागा रोज भरण्याची विवंचना यांपुढे दोन इंजिनांच्या नव्या विमानांचा हिशेब सरस ठरतो. प्रश्न निवृत्तीचा नसून निरोपाच्या रीतीचा आहे.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने जुलै २०२० मध्ये, म्हणजे महासाथीच्याच काळात, आपल्या ७४७ विमानाची निरोपाची तीन उड्डाणे तिकीट लावून केली. विमान जेथून निघाले तेथेच परत उतरले. कोठे जाण्यासाठी म्हणून कोणी तिकीट काढलेच नव्हते. मिळालेला पैसा विमानांच्या संग्रहालयांना देण्यात आला. लोक आठवणीचीही किंमत मोजतात आणि त्या किमतीतून जतनाचा खर्च निघू शकतो, हा त्यातील साधा व्यवहार आहे. आपल्यालाही तो अपरिचित नाही. १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचे इंजिन रेल्वेने १९९७ साली पुन्हा रुळांवर आणून पर्यटकांसाठी चालविले. जे. आर. डी. टाटांनी तर १९३२ सालच्या आपल्या कराची-मुंबई टपाल उड्डाणाचा सुवर्णमहोत्सव १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याच मार्गाने स्वतः जुने विमान चालवून साजरा केला होता.

वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी बसून जंबोची चिंता कशाला, असे कोणी विचारील. आमच्याकडे विमान म्हणजे आभाळात उमटणारी पांढरी रेघ, हे खरे आहे. दसरा झाला की येथील बिऱ्हाडे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. त्यांनी तोडलेल्या उसाच्या साखरेवर सरकारने वर्षानुवर्षे अबकारी कर घेतला. त्यांच्या चुलीपाशी ठेवलेल्या काडेपेटीवरही घेतला. अशाच करांच्या तिजोरीतून एअर इंडियाला भांडवल मिळाले. २०१२ साली सरकारने टप्प्याटप्प्याने सुमारे ३० हजार कोटी रुपये देण्याचे मान्य केले, त्यातही ऊसतोड कामगाराचा वाटा होताच. खिडक्यांभोवती महिरपी रंगविलेला तो ‘आकाशातील राजवाडा’ त्याच्याही मालकीचा होता; फक्त त्याला आत जाण्याचे कारण कधी पडले नाही.

त्या विमानांनी नुसते श्रीमंतांनाच वाहून नेले असेही नाही. फेब्रुवारी २०२० च्या पहिल्या दिवशी वुहानमध्ये अडकलेल्या ३२४ भारतीयांना घेऊन दिल्लीत उतरले ते जंबोच होते. एवढी सेवा झालेल्या यंत्राची शेवटची फेरी सर्वांसाठी खुली असावयास हवी होती. २०२१ साली साथीची अडचण मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये कंपनीच खाजगी झाली आणि नागरिकाने हक्काने काही मागण्याची वेळ निघून गेली.

म्हणून पुढच्यासाठी तरी नियम ठरवावा. सार्वजनिक पैशातून घेतलेले विमान, जहाज वा इंजिन निवृत्त होताना त्याची एक फेरी तिकीट लावून करावी. त्यातील काही जागा तालुक्यातालुक्यांच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी सोडत काढून राखून ठेवाव्यात आणि उत्पन्नातून त्या जातीचा एक नमुना जतन करावा. तिजोरीवर याचा भार फारसा पडणार नाही. ताळेबंदात झीज म्हणून जे वजा होते, त्याचे मालक कोण होते, हे त्या मुलांना निदान एकदा आतील खुर्चीवर बसून कळेल.