शेवटच्या रांगेतला आवाज

तमिळनाडू म्हटलं, की मराठी माणसाला आधी तंजावर आठवतं. व्यंकोजीराजांची गादी, सरस्वती महाल, तिथली आपली जुनी मराठी घरं. त्याच मुलखाची राजधानी चेन्नई मात्र आणखी एका गोष्टीसाठी ओळखली जाते, ती म्हणजे मोटारींच्या शर्यती. शोलावरमची महायुद्धाच्या काळातली जुनी धावपट्टी हे एकेकाळी इथल्या शर्यतींचं मैदान होतं. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 सालचा आणि त्याच्या संस्थापकांत इंदू चंधोक यांचं नाव आहे. चिरंजीव विकीही शर्यती आणि रॅलीतले. अशा घरात 19 जानेवारी 1984 रोजी करुणचा जन्म झाला. त्याने दुसरं काही केलं असतं तरच नवल!

2001 मध्ये फॉर्म्युला आशियाचं विजेतेपद, मग युरोप. 2007 साली बेल्जियममधल्या स्पा इथं त्याने जीपी-टू मालिकेतली शर्यत जिंकली आणि 2010 मध्ये फॉर्म्युला वनचं दार उघडलं. नारायण कार्तिकेयननंतरचा तो दुसराच भारतीय.

पण दार उघडलं ते हिस्पानिया या नव्या आणि पैशाची चणचण असलेल्या संघाचं. बहारीनच्या पहिल्या शर्यतीला करुणची गाडी सरावापर्यंत तयारच झाली नव्हती. ती पहिल्यांदा धावली ती थेट पात्रता फेरीत. परीक्षेच्या वर्गात बसूनच पुस्तकाचं पहिलं पान उलटावं, तसा हा प्रकार. शर्यतीत दुसऱ्याच फेरीत गाडी आपटली. पुढे मोनॅकोत यार्नो ट्रुलीची गाडी त्याच्या गाडीवर चढून डोक्याच्या अगदी जवळून गेली. चालकाच्या डोक्याभोवतीचं 'हेलो' हे संरक्षक कडं तेव्हा नव्हतं, ते आलं 2018 साली. करुण सुखरूप उतरला.

दहा शर्यतींनंतर ती जागा गेली. 2011 मध्ये लोटस संघाकडून जर्मनीत एकच शर्यत मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीजवळ भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. करुणच्या वाट्याला आला तो फक्त शुक्रवारचा सराव. रविवारी घरच्या प्रेक्षकांसमोर गाड्या सुटल्या तेव्हा त्यांत तो नव्हता. खेळाडूला याहून मोठा चटका कोणता?

एखादा यानंतर कडवट झाला असता. करुणने मायक्रोफोन हाती घेतला. शर्यती सोडल्या नाहीतच. 2012 मध्ये ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत उतरणारा तो पहिला भारतीय ठरला आणि त्याचा संघ सहावा आला. पण नाव झालं ते बोलण्याने. आधी बीबीसी रेडिओ, 2016 पासून ब्रिटनचं चॅनेल फोर, 2019 पासून स्काय स्पोर्ट्स.

आपल्याकडे बाळ ज. पंडितांच्या मराठी समालोचनाने क्रिकेट घराघरात पोचलं. मोटार शर्यतीचं समालोचन त्याहून अवघड. इतक्या गाड्या एकाच वेळी इतक्या ठिकाणी, त्याही ताशी तीनशे किलोमीटरने! म्हणून तिथे जोडी लागते. एकाने काय घडलं ते सांगायचं, दुसऱ्याने ते का घडलं ते. बीबीसीवर मरे वॉकर आणि माजी जगज्जेता जेम्स हंट यांची जोडी 1980 ते 1993 अशीच गाजली. करुणचं काम या दुसऱ्या माणसाचं. मोठ्या पडद्यावर दोन चालकांच्या फेऱ्या शेजारी शेजारी लावून तो दाखवतो, की एकाने ब्रेक जरा आधी दाबला, दुसऱ्याने वळणावर चाक किंचित लवकर वळवलं. मोटारीतलं काही न कळणाऱ्या आजीलाही समजावं, इतकं सोपं. शेवटच्या रांगेतली गाडी हाकलेली असल्याने मागे पडणाऱ्या चालकाची तो टिंगल करत नाही. नावात करुण रस असला, तरी बोलण्यात तो औषधालाही सापडत नाही.

भारतातली शर्यत 2013 नंतर बंद पडली. 2012 च्या हंगामानंतर एकही भारतीय चालक फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उतरलेला नाही. चेन्नईचा आवाज मात्र तिथे पोचला आहे.