गावाला वेस असावी

बॅन्फमध्ये सुट्टीपुरतं राहायला घर घेता येत नाही. खिशात कितीही पैसा असला तरी नाही. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतात, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतच हे गाव वसलंय. इथली जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे आणि लोकांकडे असतो तो भाडेपट्टा. त्यातली मुख्य अट अशी की घरात राहणाऱ्याला इथे राहण्याचं कारण हवं. त्याची गावात नोकरी किंवा धंदा असावा, इथे वर्षानुवर्षं काम करून तो निवृत्त झालेला असावा, नाहीतर तो अशा कुणाच्या कुटुंबातला असावा. ‘डोंगरात एक बंगला घेऊन ठेवलाय, मे महिन्यात जातो, बाकी वर्षभर कुलूप असतं,’ हे वाक्य बॅन्फच्या रहिवाशाच्या तोंडी येऊच शकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाचीकडे कॅल्गरीला गेले होते, तेव्हा हा नियम पहिल्यांदा तिच्याकडून कळला. कॅल्गरीहून बॅन्फ सुमारे १३० किलोमीटर. निम्मा रस्ता सपाट माळरानातून जातो आणि मग समोर एकदम डोंगरांची भिंत उभी राहते. गावाचा मुख्य रस्ता बॅन्फ अॅव्हेन्यू, आणि त्याच्या टोकाला जवळजवळ तीन हजार मीटर उंचीचा कॅस्केड पर्वत. आडव्या-उभ्या गल्ल्यांना नावं आहेत ती प्राण्यांची: बेअर, वुल्फ, मूस, लिंक्स, कॅरिबू, बफेलो. गावाचं क्षेत्रफळ जेमतेम चार चौरस किलोमीटर, २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या ८,३०५. भोवती ६,६४१ चौरस किलोमीटरचं उद्यान, आणि तिथे वर्षाला येणारे पाहुणे चाळीस लाखांच्या घरात. ही आकडेवारी एकत्र ठेवून पाहिली की प्रश्न पडतो, एवढ्या गर्दीने हे गाव चिरडून कसं गेलं नाही?

मला सापडलेलं उत्तर साधं आहे. या गावाला वेस आहे. गावाची हद्द आणि व्यापारी बांधकामाची कमाल मर्यादा कायद्याने बांधलेली आहे. मागणी वाढली म्हणून गाव डोंगरावर चढत नाही, नदीकाठाने पसरत नाही. राहणारी माणसं इथेच पोट भरणारी असल्यामुळे शाळा चालते, वाचनालय चालतं, आणि गाव हंगामाबाहेरही गाव राहतं.

याची किंमतही आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. घरं कमी, भाडी चढी. हॉटेलांत, दुकानांत काम करणारी जगभरातून आलेली तरुण मुलं एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात. बाहेरचा पैसा अडवला तरी आतल्या माणसाला छप्पर मिळतंच असं नाही, त्यासाठी नगरपालिकेला वेगळी घरं बांधावी लागतात. तरीही मला वाटतं, ही टंचाई राहणाऱ्यांची आहे, म्हणून तिच्यावर उपाय शोधता येतो. कुलूपबंद बंगल्यांनी वेढलेल्या गावात आधी तो उपाय मागणारेच उरत नाहीत.

हे शहाणपण बॅन्फला जन्मजात लाभलेलं नाही. उद्यानाचा जन्म रेल्वेच्या हिशोबातून झाला. १८८३ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या तिघा कामगारांना इथल्या डोंगराच्या पोटात गरम पाण्याचे झरे दिसले. मालकीवरून वाद सुरू झाले, तेव्हा १८८५ मध्ये सरकारने झऱ्यांभोवतीची सुमारे २६ चौरस किलोमीटर जागा राखून ठेवली आणि १८८७ मध्ये तिचं कॅनडातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. पुढच्याच वर्षी रेल्वे कंपनीने भव्य ‘बॅन्फ स्प्रिंग्ज’ हॉटेल उघडलं. रेल्वेला डब्यांत बसायला श्रीमंत प्रवासी हवे होते.

ते झरे स्टोनी नाकोडा आणि इतर आदिवासी जमातींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ‘शोध’ फक्त रेल्वेला लागला. उद्यान झाल्यावर त्यांना शिकार करायला बंदी केली गेली, त्यांच्याच भूमीतून त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि मग वर्षातून काही दिवस पारंपरिक वेशात पर्यटकांसमोर खेळ करायला परत बोलावलं गेलं. ‘बॅन्फ इंडियन डेज’ नावाने हा सोहळा कित्येक दशकं चालला. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातून आलेल्या, बहुतेक युक्रेनी स्थलांतरितांना ‘शत्रू’ ठरवून इथल्या छावणीत डांबलं होतं. कॅसल पर्वताच्या पायथ्याशी त्यांच्याकडून रस्त्याचं काम करून घेतलं. आज झऱ्यांपाशीच त्या छावणीची माहिती देणारं दालन आहे. पर्यटनस्थळाने स्वतःचा अन्याय दारातच मांडून ठेवावा, हे मला त्या गावाचं सगळ्यात मोठं धाडस वाटलं.

त्या झऱ्यांच्या जागेला ‘केव्ह अँड बेसिन’ म्हणतात. आत शिरताच गंधकाचा उग्र दर्प नाकात भरतो. बाहेरच्या कुंडाच्या काठावर पांढुरक्या शेवाळाचे थर तरंगत असतात. वाकून, नजर स्थिर करून पाहिलं तर त्यांवर काळपट ठिपके दिसतात. त्या गोगलगाई. मोठ्यात मोठी लिंबाच्या बीएवढी. बॅन्फ स्प्रिंग्ज गोगलगाय या नावाने ओळखली जाणारी ही जात या डोंगराच्या मोजक्या झऱ्यांखेरीज जगात कुठेही नाही आणि ती संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. पाण्यात हात घालायला मनाई आहे, कारण अंगाला लावलेलं मलम, अत्तर, घामसुद्धा त्या पाण्याचा तोल बिघडवू शकतो. ज्या झऱ्यांत डुंबता यावं म्हणून उद्यान जन्माला आलं, त्याच झऱ्यांत आज माणसाला बोट बुडवता येत नाही. डुंबायचं तर डोंगरावर वरच्या बाजूला वेगळा तलाव आहे.

ही मनाई घडल्या नुकसानातून आली. झऱ्यांखालच्या दलदलीत डेस नावाच्या छोट्या माशाची एक उपजात राहायची, तीही फक्त इथलीच. १९२४ मध्ये डासांच्या बंदोबस्तासाठी त्या पाण्यात गॅम्बुझिया मासे सोडले. पुढे हौशी लोकांनी काचपेटीतले उष्ण कटिबंधातले मासेही आणून टाकले. इथल्या माशाची जागा गेली, अन्न गेलं, आणि १९८७ मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं. आपल्याकडेही डासांसाठी विहिरी-तळ्यांत गप्पी आणि गॅम्बुझिया सोडतात. घरच्या हौदात ते ठीक आहे, पण सह्याद्रीतल्या ओढ्यात मासे सोडण्याआधी बॅन्फच्या त्या दलदलीची आठवण आपल्या आरोग्य खात्याने जरूर ठेवावी.

अस्वलांची गोष्टही अशीच. एके काळी संध्याकाळी गावच्या कचरा डेपोवर अस्वलं बघायला जाणं ही इथली करमणूक होती. माणसाच्या उष्ट्याला चटावलेलं अस्वल माणसाला भीत नाही. १९८० मध्ये गावाच्या अगदी लगत एका ग्रिझलीने माणसांवर हल्ले केले, एकाचा जीव गेला, आणि कचऱ्याचा कारभार मुळापासून बदलला. आता प्रत्येक कोपऱ्यावर जाड लोखंडी कचरापेट्या आहेत. केळ्याची साल टाकायला गेले तर झाकण उघडेना. भाची म्हणाली, “मावशी, हात त्या कडेखालून आत घाल. आत खटका आहे, तो वर दाब.” त्या अरुंद फटीत माणसाची बोटं जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. एवढ्याशा खटक्याने किती अस्वलं गोळीपासून वाचली असतील, याचा विचार करत मी तिथे थोडी रेंगाळले.

पण बॅन्फने जगाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे ती रस्त्यावरची. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा ट्रान्स-कॅनडा हायवे या उद्यानाच्या मधून जातो. तो चौपदरी करायचं काम १९८०च्या दशकात सुरू झालं, तेव्हा दोन्ही बाजूंना आठ फुटी जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि प्राण्यांना ओलांडायला वाटा बांधल्या गेल्या. आज महामार्गावरून जाणारे ६ पूल आणि खालून जाणारे ३८ मार्ग आहेत. पुलांवर माती, गवत, झुडपं, झाडं. खालून जाताना गाडीतल्या माणसाला हिरवी कमान दिसते आणि वरच्या लांडग्याला तो डोंगराचाच भाग वाटतो.

१९९६च्या सुमारास पहिले मोठे पूल तयार झाले, तेव्हा टीका झाली. लोक म्हणाले, अस्वलं काय पाट्या वाचून पूल ओलांडणार? प्राण्यांना वेळ लागला हे खरं. एल्क हरणं लवकर सरावली, काही ग्रिझलींना मात्र पाच-पाच वर्षं लागली. मग पिल्लं आईबरोबर येऊ लागली आणि वाट पुढच्या पिढीला माहीत झाली. संशोधकांनी पायांचे ठसे मोजले, कॅमेरे लावले, आणि कळलं की प्रत्येकाची पसंती वेगळी. ग्रिझली, लांडगा, एल्क, मूस यांना रुंद आणि मोकळी जागा लागते. काळं अस्वल आणि प्यूमा यांना अरुंद, अंधारी वाट बरी वाटते. म्हणून एकच नमुना सगळीकडे बांधून भागत नाही. या कामामुळे प्राणी आणि वाहनांच्या टकरी ८० टक्क्यांहून अधिक घटल्या, एल्क आणि हरणांच्या बाबतीत तर ९६ टक्क्यांहून. रस्ताही राहिला आणि प्राणीही राहिले.

हे वाचताना नागपूरकडच्या वाचकांना पेंच आठवलं असेल. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून रुंद करायचा ठरला तेव्हा माणसं कोर्टात गेली, भांडली, आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी ९ मार्ग बांधले गेले. त्यातला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्या पुलांखालून जाणारे वाघ टिपले गेले. म्हणजे हे आपल्यालाही जमतं. फक्त ते रस्त्याच्या आराखड्यातच हवं, नंतर भांडून मिळवावं लागू नये.

बॅन्फमधल्या दुसऱ्या दिवशी आम्ही मोरेन तलावाला गेलो, तेही बसने. २०२३पासून तिथे खासगी गाड्यांना बंदी आहे. त्याआधी पहाट व्हायच्या आतच वाहनतळ भरून जायचा आणि अरुंद घाटरस्त्यावर रांगा लागायच्या. आता आगाऊ आरक्षण करायचं, ठरल्या वेळी बसमध्ये बसायचं. दहा शिखरांच्या कुशीतला तो तलाव समोर आला तेव्हा बसमध्ये कुणी बोलेना. हिमनदी खडकावरून सरकताना दगडाचं पिठासारखं बारीक चूर्ण होतं, ते पाण्यात तरंगत राहतं आणि उन्हातला निळा-हिरवा प्रकाश परत फेकतं, म्हणून पाणी असं पाचूच्या रंगाचं. तिथे एकही हॉर्न नव्हता. गाडी घरी ठेवल्याने काहीही गमावलं नाही, उलट तो तलाव आम्हाला नीट पाहायला मिळाला.

गावात सगळ्यांचं एकमत आहे असं मात्र नाही. बॅन्फ अॅव्हेन्यू उन्हाळ्यात फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायची प्रथा काही वर्षं चालली. २०२४ मध्ये रहिवाशांचं मतदान झालं आणि थोड्या फरकाने लोकांनी ती नाकारली, कारण वाहनं त्यांच्या राहत्या गल्ल्यांत शिरत होती. मला स्वतःला तो रस्ता पायी चालणाऱ्यांचाच असावा असं वाटतं. पण ज्यांच्या दारावरून गाड्या जातात, त्यांना विचारून निर्णय झाला, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्या डोंगरांकडे येऊ. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालं. कागदावर आपल्याकडेही वेस आहे. प्रत्यक्षात दर सुट्टीला पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते, उतारावर नवा सिमेंटचा सांगाडा दिसतो, आणि उन्हाळ्यात त्याच गावाच्या माणसांना पाण्याची वाट पाहावी लागते. त्यातच सातारा जिल्ह्यात कोयनेच्या परिसरातली शेकडो गावं घेऊन ‘नवीन महाबळेश्वर’ आखलं जातंय, तेही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी. तिथल्या तरुणांना गावातच रोजगार मिळावा ही मागणी पूर्णपणे रास्त आहे. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत आणि गोदामांत राबणारी कांदाटी खोऱ्यातली मुलं घरी परतली तर कुणाला आनंद होणार नाही?

म्हणूनच आराखड्याला विचारायचे प्रश्न आत्ताच विचारायला हवेत. घरं कुणासाठी बांधणार, राहणाऱ्यांसाठी की कुलूप लावणाऱ्यांसाठी? जमीन विकली जाणार की गावकऱ्यांच्या नावावर राहून भाड्याने दिली जाणार? बांधकामाची शेवटची रेघ कुठे, आणि ती कुठल्या कायद्यात लिहिली जाणार? चांदोली आणि कोयनेच्या जंगलांमधून प्राणी ज्या वाटेने जातात, ती वाट रस्ता आखण्याआधी कुणी चालून पाहिली आहे का? धरण आणि अभयारण्यासाठी एकदा उठवल्या गेलेल्या गावांना यात पहिला वाटा मिळणार का? स्टोनी नाकोडांचं जे झालं, ते कोयनाकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणि हे आपल्याला जमणार नाही असं कुणी म्हणू नये. माथेरानला दस्तुरी नाक्यावर आपण गाडी सोडतोच. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात आगाऊ नोंदणी करतो, दिवसाला ठरावीक माणसांनाच सोडतो, आणि लोक रांगेत उभे राहून ते मानतात. नियम स्पष्ट असला, सर्वांना सारखा असला आणि त्याचं कारण सांगितलं, तर मराठी माणूस तो पाळतो. कमी पडतो तो नियम शेवटपर्यंत टिकवून धरण्याचा निश्चय. ‘नवीन महाबळेश्वर’च्या गावांतल्या ग्रामसभांनी आराखड्यावर सही-शिक्का होण्याआधी एक ठराव करावा: आमच्या गावाची वेस इथे संपते, आणि तिच्यापलीकडचं जंगल विकायला नाही. असा ठराव करणाऱ्या गावांच्या पाठीशी उभं राहणं हे तिथे सुट्टीला जाणाऱ्या आपल्या सगळ्यांचं काम आहे.