गल्ल्याची किल्ली

मित्रांनो,

हे भांडण आपल्या आपल्यातलं आहे. म्हणून शत्रूशी बोलावं तसं बोलणार नाही. पण गोडही बोलणार नाही.

जयंतीच्या बैठकीत ठरलं की मंडपात एक फलक लावायचा. 'जगातले आपले तारे'. त्यावर अमेरिकेतले काळे बास्केटबॉलपटू. एकानं मोबाइल पुढे केला. कॉलेजचा सामना. काळा पोरगा हवेत उडतो, चेंडू वरून कड्यात कोंबतो आणि हजारो गोरे उभे राहून टाळ्या पिटतात. मित्र म्हणाला, "बघ, जिंकली की नाय लढाई? आपल्यालाबी असा एक तारा पायजे. मग सगळे गप बसतील."

मी रात्रपाळी करून आलो होतो. कानात अजून रिंगफ्रेम घरघरत होती. तेव्हा गप्प बसलो. आता लिहितो.

मी नववीत शाळा सोडली. इंग्रजी वाचतो ते डिक्शनरी मांडीवर घेऊन. या खेळाबद्दल तसंच वाचत गेलो, आणि वाचता वाचता आपलं गावच दिसायला लागलं.

तिथली रीत अशी. कॉलेजांचे संघ हिवाळाभर आपापल्या गटात खेळतात. जे वर राहतात त्यांना मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं येतं. एक सामना हरला की घरी. त्या बोलावण्यासाठी पोरं रक्त आटवतात.

मिसिसिपी स्टेट हे गोऱ्यांचं कॉलेज. १९५९ साली त्यांनी २५ पैकी २४ सामने जिंकले. बेली हॉवेल हा त्यांचा तारा. स्पर्धेचं दार उघडं होतं. ते गेले नाहीत. १९६१ साली पुन्हा गट जिंकला. गेले नाहीत. १९६२ साली पुन्हा. गेले नाहीत. का? तर ज्या संघात काळे असतील त्याच्याशी खेळायचं नाही, असा त्या राज्याचा दंडक. कायद्यात कुठं लिहिलेला नव्हता. आपल्या पाणवठ्यावर तरी कुठं पाटी होती?

नीट बघा. इथं गोरा स्वतःहून घरी बसलाय. आपल्याच पोरांची तीन वर्षांची मेहनत त्यानं मातीत घातली. जात अशी असते. ती स्वतःच्या लेकराचं ताट लाथाडील, पण शेजारी दुसऱ्याचं ताट मांडू देणार नाही. 'गुण दाखवा, मान मिळेल' म्हणणाऱ्यांनी हे तीन मार्च पाठ करावेत. काळ्यांचे गुण तिथं सगळ्यांना दिसत होते. गुण दिसत होते म्हणूनच खेळायचं नव्हतं.

१९६३ साली दंडक मोडला. शिकागोच्या लोयोला कॉलेजच्या संघात चार काळे पहिल्या पाचात होते. मिसिसिपीच्या कोर्टानं मनाई हुकूम काढला. हुकूम हातात पडायच्या आत प्रशिक्षक राज्याबाहेर सटकला, पोरं दुसऱ्या दिवशी विमानानं गेली. चोरून. खेळायला चोरून! १५ मार्चला दोन्ही कप्तानांनी हात मिळवला, फोटोवाल्यांचे दिवे लखलखले. लोयोला ६१–५१ नं जिंकली आणि पुढं स्पर्धाही जिंकली.

मित्र म्हणेल, बघ, खेळानं जात मोडली. थांब जरा. १५ मार्चला हात मिळवला. १२ जूनला त्याच मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या काळ्यांच्या पुढाऱ्याला त्याच्या घरासमोर गोळी घातली. आणि ज्या कॉलेजानं हात मिळवला, त्याच्या वर्गात पहिला काळा विद्यार्थी बसायला १९६५ साल उजाडलं. मैदानात समोर चालतो. बाकावर शेजारी चालत नाही.

आता तुमच्या लाडक्या १९६६ कडे या. १९ मार्च. अंतिम सामना. एका बाजूला केंटकी, सगळे गोरे. दुसऱ्या बाजूला टेक्सास वेस्टर्न. त्या रात्री त्यांच्याकडून फक्त काळेच उतरले. ७२–६५ नं जिंकले. वाचताना मीही शिट्टी मारली, खोटं कशाला बोलू. त्यानंतर दक्षिणेतली कॉलेजं हळूहळू काळी पोरं घ्यायला लागली. केंटकीच्या संघात पहिला काळा उतरायला तरी १९७० लागलं. पण घेतली ती का? मन बदललं म्हणून? छट्. हरायला लागले म्हणून. त्यांना माणूस नको होता, हात हवे होते.

हात चालले, डोकं चाललं नाही. ही स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. काळ्या प्रशिक्षकाच्या संघानं ती जिंकली १९८४ साली, जॉर्जटाऊनच्या जॉन थॉम्पसननं. पंचेचाळीस वर्षं! आणि २०२५ पर्यंत असे प्रशिक्षक झाले चार. बोटं उरतात.

आपल्याला हे नवं आहे का? बाळू पालवणकर आठवा. चांभाराचा पोरगा. पुण्याच्या मैदानावर त्याची गोलंदाजी चालायची, पण चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडमध्ये शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचा कप्तान मात्र त्याला कधी नेमलं नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला १९२३ साली, तोही भावाभावांनी विरोध केला, ओरड झाली, तेव्हा. बळी घ्यायला आपला हात. नाणं उडवायला त्यांचा.

आणि तारा फारच मोठा झाला तर? तर नियम बदलतात. ल्यू अल्सिंडर, पुढे करीम अब्दुल-जब्बार झाला तो, १९६६–६७ च्या हंगामात यूसीएलए कॉलेजच्या मुख्य संघाकडून खेळायला लागला. संघ एकही सामना हरला नाही. लगेच नियम आला: चेंडू वरून कड्यात कोंबायचा नाही. कारण सांगितलं, दुखापत होते, सामान मोडतं. अल्सिंडर म्हणाला, हा नियम काळ्यांवर आहे. नियम १९७६ पर्यंत राहिला. जे बघून तुम्ही मोबाइलवर टाळ्या पिटल्या, ते नऊ वर्षं बंद होतं. पठ्ठ्यानं तरी १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदं घेतली. पण नियम लिहिणारी लेखणी त्याच्या हातात आली का?

आता पोटाचं बोलू.

या स्पर्धा चालवणारी संस्था म्हणजे एनसीएए. २०१० साली तिनं या एका स्पर्धेचे टीव्हीचे हक्क चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला विकले. खेळणाऱ्याला काय? शिकवणी, राहणं, जेवण. पगार नाही. कारण तो कामगार नाही, तो 'विद्यार्थी-खेळाडू'. हा शब्द १९५० च्या दशकात मुद्दाम घडवला. खेळाडू कामगार ठरला तर भरपाई द्यावी लागेल, ही भीती होती. हे मी म्हणत नाही, संस्थेचा मुख्य कारभारी वॉल्टर बायर्स यानंच १९९५ साली पुस्तकात कबूल केलंय. कोलोरॅडोत एक कॉलेज खेळाडू १९५५ साली फुटबॉलच्या सामन्यात मार लागून मेला. बायकोनं भरपाई मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मिळणार नाही.

मी सूतगिरणीत चार वर्षं काम करतोय. माझ्या कार्डावर काय लिहिलंय माहीताय? 'शिकाऊ'. चार वर्षं शिकतोय मी! धागा तुटला की जोडतो, बॉबिन भरली की काढतो, पाळीच्या शेवटी जॉबर मलाच नव्या पोरांना शिकवायला सांगतो. पण कार्डावर शिकाऊ, म्हणून फंड नाही, बोट गेलं तर नशीब. तेव्हा 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द मला डिक्शनरीत शोधावा लागला नाही.

हा शब्द फोडला कुणी? ताऱ्यांच्या उड्यांनी नाही. एड ओबॅनन हा १९९५ च्या विजेत्या संघाचा तारा. पुढे मोटारी विकायचा. एक दिवस व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःचीच बाहुली खेळताना दिसली. पैसे दुसऱ्याला. २००९ साली तो कोर्टात गेला, पण एकट्यासाठी नाही, सगळ्या खेळाडूंच्या वतीनं. मागून आणखी खेळाडू आले. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात एनसीएए ९ विरुद्ध ० अशी हरली. २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत.

मग झालं ना? नाही झालं. दारात खेचून आणलेला पैसा वाटायचा कसा हे अजून मालकच ठरवतो. ताऱ्याला ढीग, बाकीच्यांना चिल्लर. आणि 'कामगार' हा शब्द अजूनही द्यायला तयार नाहीत.

म्हणून मला तुमच्या फलकावर एक फोटो हवाय. डार्टमथ कॉलेजचा संघ. त्यात एकही तारा नाही. १९५९ नंतर हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेलेलाच नाही. पुढाकार घेणारी पोरं कॉलेजच्या भोजनगृहात काम करायची. तिथल्या कामगार विद्यार्थ्यांनी युनियन केलेली त्यांनी बघितली. ५ मार्च २०२४ ला या खेळाडूंनी मतदान केलं: आम्ही कामगार, आमची युनियन. १३ विरुद्ध २. कॉलेज वाटाघाटीला बसलंच नाही. वारं फिरलं, आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला अर्ज मागं घ्यावा लागला. हरले म्हणा हवं तर. पण त्यांनी टाळी मागितली नाही. गल्ल्याची किल्ली मागितली.

१९६६ साली अमेरिकेत दोन गोष्टी झाल्या. मार्चमध्ये टेक्सास वेस्टर्न जिंकली. ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला. १९७२ साली मुंबईत आपल्या थोरल्यांनी नाव घेतलं ते कुणाचं? विजेत्या संघाचं की संघटनेचं?

आणि मार्चच हवा असेल तर आपला मार्च आहे. २० मार्च १९२७. चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी पिऊन एकटे परतले नाहीत. मागं हजारो ओंजळी होत्या.

फलक लावा. खिळा मी ठोकतो. पण खाली लिहा: हे उडाले, त्याचे पैसे कुणी खाल्ले?

आमच्या खात्यात आम्ही सतरा शिकाऊ आहोत. तोंड उघडायला तयार झालेत पाच. मी मोजतोय. तुमच्या खात्यात किती आहेत, ते पुढच्या बैठकीत सांगा.

जय भीम.