गोष्ट त्याची, भाषा माझी!

निघोजेत नोकरी करायची म्हणजे रोज तीन भाषांचा टोल भरावा लागतो. ई-मेल इंग्लिशमध्ये, शॉप फ्लोअरवर हिंदी आणि गेटबाहेरच्या टपरीवर मराठी. सवयीनं आपण गिअर बदलतो. पण कधीतरी गिअर अडकतो, मंडळी!

गेल्या महिन्यात आमच्या लाइनवर एका ऑपरेटरचं बोट थोडक्यात वाचलं. रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे. तो सांगत होता, ‘‘सायेब, गार्डचा बोल्ट सोमवारपासनं ढिल्ला हाय. मी दोनदा सांगितलं व्हतं.’’ मी मान डोलावली आणि टाइप केलं, ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं.’ अर्थात इंग्लिशमध्ये. एकदम सॉलिड, प्रोफेशनल! बोल्ट आणि सोमवार, दोन्ही गायब.

त्याच रविवारी हरिभाऊ आपट्यांच्या गोष्टी हाती लागल्या. हरिभाऊंनी १८९० मध्ये पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं. म्हणजे तुमच्या हातातल्या या वीकलीचं खापरपणजोबाच म्हणा ना. त्यांची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही गोष्ट दुष्काळात होरपळलेल्या शेतकरी कुटुंबाची. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारी कागदांवर माणूस म्हणजे आकडा होता. हरिभाऊंनी त्याला घरदार दिलं, माया दिली. ही गोष्ट ‘रामजी’ नावानं इंग्लिशमध्ये १८९७ साली थेट लंडनमध्ये छापली गेली.

वाचताना एकदम चमकलो. ज्याची ही कहाणी, त्या शेतकऱ्याला त्यातलं एक अक्षर तरी वाचता आलं असतं का? पण ती सत्तेच्या कानावर घालायची, तर सत्तेच्याच भाषेत जायला हवं होतं. आणि मराठीतही कुठं सगळं आलबेल होतं? त्या काळच्या बहुतेक कथांत निवेदक बोलतो शिकल्यासवरल्यांची मराठी. शेतकरी, गडी, मोलकरीण बोलणार, ते अवतरणचिन्हांच्या कुंपणात! वर साहेबाची इंग्लिश, मध्ये पांढरपेशांची मराठी, तळाला ‘हाय’ आणि ‘व्हतं’. ही उतरंड तुमच्या ऑफिसात नाही, असं छातीवर हात ठेवून सांगाल?

गोष्टींची ताकद सरकारला मात्र पक्की ठाऊक होती. १९०८ मध्ये ‘सोज़े वतन’ हा उर्दू कथासंग्रह आला. अवघ्या पाच गोष्टी; पण सरकारनं प्रती जप्त केल्या. लेखकाला नाव बदलावं लागलं. आज आपण त्यांना प्रेमचंद म्हणून ओळखतो.

आपल्याकडे श्री. म. माट्यांनी १९४१ मध्ये ‘उपेक्षितांचे अंतरंग’ लिहिलं. मोठं पाऊल, पण सांगणारे अजून माटेच होते. बाबुराव बागुलांचा संग्रह आला १९६३ मध्ये, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. शीर्षकातच ‘मी’! कुंपणाआडचा माणूस आता स्वतःच सांगायला बसला. एवढ्या प्रवासाला किती वर्षं लागली, बघा.

आणि मी? माझ्या रिपोर्टात तर त्या ऑपरेटरला अवतरणचिन्हंसुद्धा दिली नव्हती. हरिभाऊंनी निदान त्याची बाजू तरी मांडली असती!

सोमवारी रिपोर्ट पुन्हा उघडला. त्याचं वाक्य देवनागरीत जसंच्या तसं टाकलं, खाली इंग्लिश. मग त्याला बोलावून वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘मंगळवारी पण सांगितलं व्हतं, तेबी टाका.’’ टाकलं. बॉसनं विचारलं, ‘‘ये क्या है?’’ म्हटलं, ‘‘सर, जो हुआ वही है.’’ बॉसचा चेहरा फार काही खुलला नाही. बोल्ट मात्र त्याच दिवशी बदलला.

तेव्हा पुढच्या वेळी दुसऱ्याची गोष्ट आपल्या इंग्लिशमध्ये पाठवताना ‘सेंड’ दाबण्याआधी एक करा. त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. तो ‘‘हां, असंच झालं’’ म्हणाला, तरच दाबा!