उतरण्यापुरते पाय

ट्रॉम्बेला राहणाऱ्या माणसाला डोंगर नवा नसतो. आमच्या गच्चीवर उभे राहिले की एका अंगाला ठाण्याची खाडी आणि दुसऱ्या अंगाला सुमारे ३०० मीटर उंचीचा ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रतिबंधित क्षेत्रामुळे त्यावर तुम्हा-आम्हाला पाऊल ठेवता येत नाही. आमच्या सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या त्याला ५२ वर्षे झाली. गेल्या मे महिन्यात सुटीचा विषय निघाला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “जन्मभर डोंगराकडे नुसते पाहिले. एकदा एखादा चढू द्या.”

चिरंजिवांनी मनालीचा हट्ट धरला होता. यजमानांचे मन दुकान सोडायला तयार नव्हते. अखेर तीन दिवसांची तडजोड झाली आणि बागलाणातील मांगी-तुंगी हे सिद्धक्षेत्र ठरले. बागलाण म्हणजे नाशिक जिल्ह्याचा उत्तरेकडील डोंगराळ मुलूख. सेलबारी आणि डोलबारी या तेथील दोन डोंगररांगा. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला हा काळा पाषाण दुरून पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. मांगीची उंची ४,३४३ फूट, तुंगीची ४,३६६ फूट, आणि दोन्ही शिखरांचे दर्शन घ्यायचे तर सुमारे ३,५०० पायऱ्या. यजमानांनी रोजमेळ लिहावा तसा प्रवासाचा कागद तयार केला. निघणे, पोहोचणे, जेवण, दर्शन, परत. प्रत्येकापुढे वेळ आणि खर्च. त्या कागदात एकच रकाना नव्हता, तो म्हणजे चुकलेल्या वेळेचा.

आणि वेळ पहिल्याच सकाळी चुकली. पाचला निघायचे होते. एका जुन्या गिऱ्हाईकाचा माल द्यायचा म्हणून यजमानांनी दुकान उघडले आणि गाडी निघाली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. कसारा घाटात एक ट्रक उलटला होता; तेथे अडीच तास गेले. नाशिकला पोहोचून जेवायला बारा वाजले. पुढे मोटारीची थंड हवा बंद पडली. मे महिन्यात मालेगाव-सटाण्याच्या बाजूला पारा सहज चाळिशी ओलांडतो. काचा उघडाव्यात तर आगीचा लोट आत येई, मिटाव्यात तर जीव गुदमरे. दुरुस्तीसाठी सटाण्यात थांबलो, त्यात आणखी दीड तास गेला.

सूर्य कलू लागला तशी माझी चलबिचल सुरू झाली. सासूबाईंचा रात्री अन्नपाणी न घेण्याचा नियम आहे. डब्यात थेपले होते, पण तो डबा सहा बॅगांच्या तळाशी डिकीत होता. “गाडी थांबवू या का?” असे मी दोनदा विचारले. यजमान म्हणाले, “अर्ध्या तासात पोहोचतोच, तिथे भोजनशाळेत गरम जेवण मिळेल.” मीही पुढे बोलले नाही. तो अर्धा तास सव्वा तासाचा झाला. ताहराबाद मागे पडले आणि डोंगराचे दोन सुळके दिसू लागले, तेव्हा सूर्य मावळून गेला होता. सासूबाईंनी गाडीतच दिवस असतानाचे शेवटचे घोटभर पाणी घेतले होते. धर्मशाळेत त्या काही न बोलता अंथरुणावर पडल्या. त्या रागावल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी घेतले ते सूर्योदयानंतर दोन घटका गेल्यावर, म्हणजे पावणेसातला. आदल्या दिवशीच्या बारानंतर पोटात अन्न नव्हते. थोडे खाऊन, पूजा आटोपून पायथ्याशी आलो तोवर साडेआठ झाले. दुकानातल्या त्या दीड तासाचे व्याज असे चढत चढत सासूबाईंच्या वाट्याला आले होते.

पायथ्याशी डोलीवाले बसले होते. यजमानांनी दर विचारला आणि सवयीने घासाघीस सुरू केली. सासूबाईंनी त्यांना थांबवले. “मालाची घासाघीस करावी. माणसाच्या खांद्याची नको.” मग डोलीवाल्यांना म्हणाल्या, “तुमची मजुरी ठरल्याप्रमाणे देऊ. पण मला आधी माझ्या पायांनी जाऊ द्या. तुम्ही मागून या.” डोलीवाले हसले. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसे ती. बोलणे अहिराणी वळणाचे, मऊ.

पहिल्या काही शे पायऱ्या त्या उत्साहाने चढल्या. अनवाणी. कठड्याला हात, तोंडाने णमोकार. दर पन्नास पायऱ्यांनी टेकत होत्या. चिरंजीव फोन हातात घेऊन फुरंगटून पुढे गेले होते, ते एका वळणावर वाट पाहत थांबले आणि मग आजीचा वेग धरून चालू लागले. कोणी सांगितले नव्हते. दहा वाजता दगड तापले. साडेदहाच्या सुमारास एका वळणावर सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. सावलीत बसवून आम्ही मीठ-साखरेचे पाणी दिले, कपाळाला ओला रुमाल लावला. दहा मिनिटांनी चेहऱ्यावर रंग आला.

आता काय करायचे? चिरंजीव म्हणाले, “डोलीत बसवून वर नेऊ.” यजमान म्हणाले, “इतक्या लांब येऊन, दर्शन न घेता परत?” कालच्या चुकीची भरपाई आज व्हावी असे त्यांना वाटत होते, हे मला दिसत होते. सासूबाई शिखराकडे बघत होत्या. तिथूनच त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, “अरे, खाली जायला पाय शिल्लक ठेवायला हवेत ना?”

यजमान एकदम गप्प झाले. त्या दिवसांत चेंबूरला दुसरा गाळा घेण्याचे त्यांच्या मनात होते आणि त्यासाठी जुन्या दुकानावर कर्ज काढण्याचे घाटत होते. सासूबाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण २६ जुलै २००५ चा पूर आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. गोणीच्या गोणी धान्य भिजून गेले होते. तेव्हा मामंजींनी बाजूला ठेवलेल्या रकमेवर दुकान पुन्हा उभे राहिले होते, कुणापुढे हात पसरावा लागला नव्हता.

यजमान आणि चिरंजीव वर गेले. मी सासूबाईंबरोबर उतरले. उतार सोपा, असे मला वाटले होते. दोनशे पायऱ्यांत माझ्या मांड्या थरथरू लागल्या. चढताना स्नायू आखडून शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, आणि गुडघ्यावर दाब वाढतो. म्हणून दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. एक डोलीवाला म्हणाला, “आजी, आता बसा. आम्हाला बी चढापेक्षा उतारच जड. पाय बघून टाकावा लागतो.” सासूबाईंनी विचारले, “मग तुम्हाला जड ते मी कसे करू?” तो म्हणाला, “तुम्ही नाही बसलात, तर आमचं कामच राहत नाही.” यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्या बसल्या. खाली उतरल्यावर पूर्ण फेरीची मजुरी त्यांनी स्वतःच्या पिशवीतून दिली.

दुपारी दोघे परतले. २०१६ साली प्रतिष्ठा झालेली भगवान ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती, नैर्ऋत्येकडे धुरकट दिसणारा साल्हेर, यांची वर्णने चिरंजीव आजीला तासभर ऐकवत होते. साल्हेर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक, हेही त्यांनीच सांगितले. मनालीचा उल्लेख आला नाही.

परतताना सटाण्याला देव मामलेदारांच्या मंदिरात थांबलो. १८७०-७१ च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना उपाशी माणसांसाठी खुला केला. १ लाख २७ हजार रुपये वाटले, असे सांगतात. यजमान हळूच म्हणाले, “तिजोरीत होते म्हणून वाटता आले.” सासूबाई हसल्या. चेंबूरच्या गाळ्याचा निर्णय त्यांनी दिवाळीपर्यंत पुढे ढकलला आहे.

वाचकहो, सुटीत आपल्यापैकी अनेक कुटुंबे डोंगरावरच्या क्षेत्री जातात. गिरनारला सुमारे १०,००० पायऱ्या आहेत. शिखरजीची वंदना जाऊन-येऊन २७ किलोमीटर भरते. तेव्हा आमच्या चुकांतून एवढे घ्यावे. मुक्कामी सूर्यास्तापूर्वी दोन तास पोहोचावे, आणि उशीर झालाच तर वाटेत थांबून वडीलधाऱ्यांना वेळेत जेवू घालावे. जेवणाचा डबा मांडीजवळ असावा, बॅगांखाली नव्हे. उन्हाळ्यात चढण उजाडताच सुरू करावी. डोलीची मजुरी आधी ठरवावी आणि ठरल्याहून कमी देऊ नये. कोठून परतायचे हे ज्याचे पाय त्याने ठरवावे, आणि इतरांनी त्याला हसू नये वा भरीस घालू नये.

मांगीचे शिखर मीही पाहिलेले नाही. काल संध्याकाळी सासूबाई गच्चीवर बसल्या होत्या. ट्रॉम्बेच्या डोंगरावर ऊन उतरत होते. चिरंजिवांनी विचारले, “आजी, पुन्हा जायचे?”

“जायचे,” त्या म्हणाल्या. “पण आता थंडीत. आणि डबा माझ्याजवळ राहील.”